पोटॅशियम 8.1 : चोपडा तालुक्यातल्या एका डायलिसिस रुग्णाचं प्रकरण

रुग्णाच्या घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं आप्पा म्हणू.

आप्पा, वय 54, चोपडा तालुक्यातले शेतकरी. केळी आणि थोडा कापूस. मधुमेह 14 वर्षांचा, रक्तदाब त्यामागोमाग आलेला. डायलिसिस सुरू होऊन सव्वा वर्ष झालेलं. श्रावणातल्या एका मंगळवारी पहाटे ते लघवीच्या निमित्ताने उठायला गेले आणि पाय उचलेचनात. मुलांनी गाडीत घालून तापीचा पूल ओलांडून जळगावला आणलं. नाडी मिनिटाला 42. ईसीजीवर टी लाटा उंच आणि टोकदार, पी लाटा दिसेनाशा, क्यूआरएस पसरलेला, म्हणजे हृदयातले विद्युत संकेत बिघडलेले. तपासणीत पोटॅशियम 8.1 आलं. निरोगी माणसात ते लिटरला 3.5 ते 5 मिलिमोल असतं. साडेसहाच्या पुढे गेलं की आम्ही खुर्चीवरून उठतो.

आप्पांचा भाऊ दारातच म्हणाला, “केळी खाल्ली डॉक्टर, दुसरं काही नाही.” गावानेही तोच निकाल दिला होता. रविवारी कानबाई देवी बसली होती, घरात केळीचे घड होते, आणि आप्पांनी केळी खाल्ली हे खरंच होतं. तरी हे प्रकरण केळ्याचं नाही. गेल्या सव्वा वर्षातले कागद समोर ठेवले की ते सरळ दिसतं.

आधीचे कागद

पायावर सूज, लघवीला फेस, भूक मेलेली, आणि शेवटी रात्री आडवं झालं की दम लागणं, अशा क्रमाने आप्पा पहिल्यांदा दवाखान्यात पोहोचले होते. गुडघ्यांसाठी दुखण्याच्या गोळ्या ते वर्षानुवर्षं मेडिकलमधून परस्पर आणून खात होते. साखरेने मूत्रपिंडं आधीच झिजलेली असताना या गोळ्या त्यांचा रक्तपुरवठा आणखी कमी करतात. तेव्हा मूत्रपिंडांनी काढून टाकायचा कचरा रक्तात साचलेला : क्रिएटिनिन 9.8, युरिया 212. हिमोग्लोबिन 7.4. मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला 5-6 मिलीवर आलेली होती. 15 च्या खाली गेली की त्याला शेवटचा, पाचवा टप्पा म्हणतात.

मानेतल्या शिरेत नळी घालून पहिलं डायलिसिस झालं, तेही फक्त दोन तासांचं आणि रक्ताचा वेग कमी ठेवून. घरच्यांना वाटलं, मशीन बिघडलं किंवा आपल्याला कमी वेळ दिला. तसं नव्हतं. रक्तातला युरिया झपाट्याने उतरला आणि मेंदूतला मागे राहिला, तर पाणी मेंदूकडे ओढलं जातं. डोकं दुखतं, उलट्या होतात, कधी झटकेही येतात. म्हणून पहिल्या काही पाळ्या मुद्दाम अर्धवट ठेवाव्या लागतात.

महिन्याभरात डाव्या मनगटाजवळ फिस्टुला केला गेला. धमनी आणि शीर आतल्या आत जोडायची, म्हणजे धमनीच्या जोराने शीर फुगते, तिची भिंत जाड होते आणि सहा-आठ आठवड्यांनी तिच्यात जाड सुया टोचता येतात. ही युक्ती 1966 ची आहे. त्याआधी 1943 मध्ये हॉलंडमधल्या कांपेन गावात विलेम कोल्फ यांनी सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळ्या लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळून पहिलं चालणारं यंत्र बनवलं होतं, आणि तेही महायुद्धाच्या टंचाईत. पण दर वेळी नवी रक्तवाहिनी कापावी लागे, त्यामुळे डायलिसिस हा चार दिवसांचा तात्पुरता उपायच राहिला. माणूस वर्षानुवर्षं डायलिसिसवर जगू शकतो, याचं श्रेय यंत्राइतकंच हातातल्या त्या थरथरणाऱ्या शिरेला आहे. आप्पा रोज सकाळी तिच्यावर बोट ठेवून थरथर तपासत. त्या हातावर बीपी मोजू द्यायचे नाहीत, सुई टोचू द्यायचे नाहीत, केळीचा घड त्या खांद्यावर घ्यायचे नाहीत. या बाबतीत त्यांच्यासारखा शिस्तीचा रुग्ण क्वचित पाहिला आहे.

आठवड्यातून दोन पाळ्या ठरल्या, सोमवार आणि गुरुवार. जवळच्या केंद्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होत, त्यामुळे मशीनचे पैसे लागत नव्हते. पैसे जात ते रस्त्यावर : जीपचं भाडं, सोबत येणाऱ्या मुलाचा बुडालेला दिवस. दोन पाळ्या हा निर्णय तेव्हा चुकीचाही नव्हता, कारण आप्पांना दिवसाला 600 मिलीच्या आसपास लघवी होत होती. पुढची सगळी गोष्ट या 600 मिलीची आहे.

मशीन नक्की काय काढतं

आप्पांच्या आईला बरेच महिने वाटत होतं की पोराचं रक्त बदलतात. रक्त बदलत नाही. एका वेळी शरीराबाहेर असतं ते पाव लिटरच्या आतच; ते फिरत राहतं. पंप मिनिटाला साधारण 250 मिली रक्त ओढतो आणि डायलायझरमधून परत पाठवतो. डायलायझर म्हणजे फूटभर लांबीचं नळकांडं, आत सुमारे दहा हजार पोकळ तंतू, प्रत्येकाची आतली रुंदी मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी. रक्त तंतूंच्या आतून जातं. बाहेरून, उलट्या दिशेने, मिनिटाला 500 मिली डायलिसेट वाहतं : अतिशुद्ध पाणी, त्यात सोडियम, बायकार्बोनेट, कॅल्शियम, थोडं पोटॅशियम आणि ग्लुकोज. युरिया, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम रक्तात जास्त असतात आणि डायलिसेटमध्ये नसतात किंवा कमी असतात, म्हणून ते पडद्याच्या छिद्रांतून पलीकडे जातात. बायकार्बोनेट उलट येतं आणि रक्ताची आंबट झालेली बाजू सावरतं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी प्रथिनं छिद्रांपेक्षा मोठी, ती आतच राहतात. दिशा उलटी ठेवण्याचं कारण इतकंच की नळकांड्याच्या शेवटापर्यंत रक्ताला आपल्यापेक्षा स्वच्छ द्रव भेटत राहावा.

जास्तीचं पाणी वेगळ्या मार्गाने निघतं. पडद्यावरचा दाब बदलून मशीन रक्तातलं पाणी पिळून काढतं. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन.

चार तासांच्या एका पाळीत 120 लिटर डायलिसेट लागतं. म्हणजे प्यायला बसलो तर दोन महिने पुरेल इतक्या पाण्याच्या आणि आपल्या रक्ताच्या मध्ये फक्त तो एक पडदा. खान्देशातल्या बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम तसंच आत गेलं तर उलट्या, रक्तदाब चढणं, स्नायू गळणं, सगळं त्याच दिवशी होतं. म्हणून कुठल्याही केंद्रात गेल्यावर मी आधी मशीन बघत नाही, आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या यंत्राची खोली बघतो.

आठ तास आणि एकशे साठ तास

आता हिशेब. डायलायझर मिनिटाला साधारण 200 मिली रक्त युरियापासून मोकळं करतो. निरोगी मूत्रपिंडं मिनिटाला सुमारे 100 मिली गाळतात. म्हणजे चालू असेपर्यंत मशीन मूत्रपिंडांना मागे टाकतं! पण मूत्रपिंडं आठवड्याचे 168 तास काम करतात आणि आप्पांचं मशीन आठ तास. आठवड्याची बेरीज केली तर एकीकडे हजार लिटर, दुसरीकडे 96. एक दशांशही नाही. तीन पाळ्या केल्या तर 144 लिटर.

दुसरी अडचण, मशीन फक्त रक्ताला हात घालतं. आप्पांचं वजन 58 किलो. त्यांच्या शरीरात सगळं मिळून 2,900 मिलिमोलच्या घरात पोटॅशियम असणार. त्यातलं 98 टक्के पेशींच्या आत असतं, स्नायूंमध्ये मुख्यतः. बाहेर, रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात, जेमतेम 60. उन्हाळ्यात विहीर उपसली की तळ दिसतो आणि मोटर बंद केल्यावर झरे पुन्हा पाणी सोडतात, तसं पाळी संपल्यावर पेशींतलं पोटॅशियम रक्तात उतरत राहतं. त्यामुळे पाळी संपता संपता काढलेला रिपोर्ट छान दिसतो. त्यावर विश्वास ठेवून घरी जाणारा रुग्ण सहा तासांनी वेगळ्याच आकड्यावर असतो.

आहारतज्ज्ञाने आप्पांच्या रोजच्या जेवणाचा अंदाज काढला : ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, डाळ, भाजी, दोनदा चहा. दिवसाला सुमारे 55 मिलिमोल पोटॅशियम, आठवड्याला 385. बाहेर किती जात होतं? एका पाळीत साधारण 80, दोन पाळ्यांत 160. मूत्रपिंडं निकामी झाली की आतडी थोडा भार उचलतात. शौचावाटे दिवसाला 18 धरले तर आठवड्याला सव्वाशे. एकूण 285. उरले 100. हे 100 आप्पांच्या त्या 600 मिली लघवीतून जात होते. ढोबळ गणित आहे, पण आठवडा जुळत होता.

लघवी मात्र हळूहळू आटत गेली. डायलिसिसवरच्या माणसाची ती आटतेच, विशेषतः मशीनवर रक्तदाब वारंवार पडत असेल तर लवकर. फाइलमध्ये वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन होतं. 24 तासांची लघवी पहिल्या महिन्यानंतर कुणी मोजलेली नव्हती. आप्पांना विचारलं तर म्हणाले, “होते ना, दिवसातून दोनदा जातो.” मोजली तेव्हा 90 मिली निघाली.

हे कागदावर आधीच उमटलेलं होतं. पाळीआधीचं पोटॅशियम सुरुवातीला 4.9, 5.1. सहा महिन्यांनी 5.6, मग 5.9, आषाढात 6.2. दोन पाळ्यांमध्ये वाढणारं वजन दीड किलोवरून चार किलोवर गेलेलं. प्रत्येक वेळी शेऱ्यात एकच ओळ : “आहार पाळावा.” पाळ्यांची संख्या मात्र जिथल्या तिथे राहिली.

कानबाईचा आठवडा

खान्देशाबाहेरच्यांसाठी : नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी विसर्जन. सुरत, नाशिक, पुणे, जिथे असतील तिथून भाऊबंद गावी येतात. रोटांचा, म्हणजे नैवेद्याचा स्वयंपाक कुळापुरता असतो, त्यामुळे मी आज येत नाही असं घरच्या मोठ्या माणसाला म्हणता येत नाही. पुरणपोळी, खीर, कटाची आमटी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी. हरभऱ्याची डाळ, गूळ, लाल भोपळा, तिन्हींत पोटॅशियम भरपूर. विसर्जन सोमवारी आणि आप्पांची पाळीही सोमवारी. ते केंद्रात फोन करून म्हणाले, गुरुवारी येतो. पलीकडून कुणी विचारलं नाही की मधले सात दिवस कसे काढणार.

एरवीही गुरुवार ते सोमवार हा चार दिवसांचा खंड होताच. आठवड्याला तीन पाळ्या घेणाऱ्यांतसुद्धा दोन दिवसांच्या मोठ्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयाचे झटके जास्त होतात, हे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. आप्पा पाचव्या दिवसात शिरले होते.

आणि केळी? दोन दिवसांत पाच, असं त्यांच्या पत्नीने मोजून सांगितलं. मध्यम केळ्यात दहा-अकरा मिलिमोल पोटॅशियम असतं. पाच केळ्यांचे पन्नास-पंचावन्न. चुकलेल्या एका पाळीचे 80. आटलेल्या लघवीचे, दर आठवड्याला, जवळपास 85. केळी या यादीत तिसरी आहे. शिवाय आठवडाभर बद्धकोष्ठ होता, म्हणजे आतड्यांची वाटही अडलेली. आणखी एक गोष्ट त्यांच्या सुनेने सांगितली तेव्हा मी डोक्याला हात लावला : सुरतेच्या मुलाने बापाच्या बीपीसाठी कौतुकाने “कमी सोडियमचं” मीठ पाठवलं होतं. त्यात सोडियम कमी करून भरलेलं असतं ते पोटॅशियम क्लोराईड. निरोगी माणसाला चांगलं, डायलिसिसवरच्याला विष. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

त्या पहाटेचे उपचार

पहिलं कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, ईसीजी बघत; पाच मिनिटांनी पुन्हा. कॅल्शियमने पोटॅशियम एका आकड्यानेही उतरत नाही. हृदयाच्या पेशींना ते तेवढ्यापुरतं सावरतं, आणि त्यातून अर्धा-एक तास मिळतो. मग इन्सुलिन आणि सोबत ग्लुकोज, वाफेतून सालब्युटामॉल. या दोघांनी पोटॅशियम पेशींच्या आत ढकललं जातं, शरीराबाहेर जात नाही. चार-सहा तासांत ते परत येणार. नातेवाइकांना हे समजावणं त्या घाईतही गरजेचं असतं, कारण तासाभरात पाय हलायला लागले, ईसीजी सुधारला, आणि भाऊ म्हणाला, “आता घरी नेलं तर?”

बाहेर काढणारी गोष्ट एकच, डायलिसिस. फिस्टुला चालू होता म्हणून वीस मिनिटांत सुया लागल्या. मानेत नळी घालायची वेळ आली असती तर आणखी वेळ गेला असता. डायलिसेटमध्ये पोटॅशियम शून्य ठेवायचा मोह होतो. आम्ही 2 ठेवलं, कारण फार झपाट्याने उतरलेलं पोटॅशियमही हृदयाचा ठोका बिघडवतं. चार तासांनी 4.3. सहा तासांनंतर पुन्हा तपासलं, 5.2. दुसऱ्या दिवशी परत मशीनला लावलं.

पाणीही साडेचार किलो वाढलेलं होतं. ते सगळं एकदम काढलं नाही. तासाला, किलोमागे 13 मिली ही वरची मर्यादा धरतात. 58 किलोला चार तासांत तीन लिटर. त्यापुढे ओढलं की पायात गोळे, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, आणि उरलीसुरली लघवीही बंद.

नंतर

आप्पा तिसऱ्या दिवशी बसते झाले आणि मला म्हणाले, “मना घर केळीना बाग, अन् मालेच केळं खावाले बंदी?” या प्रश्नाला “हो, बंदी” एवढं उत्तर देऊन चालत नाही. केळीच्या पट्ट्यात केळं हे फळ नसतं फक्त. ते पाहुण्याच्या हातात द्यायची वस्तू आहे, न्याहारी आहे, पिकाची परीक्षा आहे. पूर्ण बंदी घातली की माणूस चोरून खातो आणि आपल्याला खोटं सांगतो. आम्ही ठरवलं ते असं : पाळीच्या दिवशी सकाळी, मशीनला लागण्याआधी, अर्धं केळं, कबूल करून. एरवी नाही. शहाळं कधीच नाही. बटाटा आणि पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकायचं. भरितात ही सोय नाही, वांगं भाजलं की पोटॅशियम आतच. म्हणून भरीत दोन घास. शेवभाजी आणि पापडाचं भांडण पोटॅशियमपेक्षा मिठावरून जास्त झालं. आठ-नऊ ग्रॅम मीठ अंगात राहिलं की ते लिटरभर पाणी धरून ठेवतं, आणि मीठ खाल्लेल्याला पाणी पिऊ नको सांगणं हा मूर्खपणा आहे. तहान आवरायची ती मिठातून. चोपड्याच्या मे महिन्यात तर दुसरा मार्गच नाही.

पण खरा बदल जेवणात नव्हता. पाळ्या दोनाच्या तीन झाल्या : सोमवार, बुधवार, शुक्रवार. तिसऱ्या पाळीच्या भाड्याचा प्रश्न त्याच रस्त्यावरच्या आणखी दोन रुग्णांबरोबर एक जीप ठरवून सुटला. मला विचाराल तर या प्रकरणातला सर्वांत परिणामकारक उपचार ही जीपच आहे. पोटावाटे करायच्या डायलिसिसचाही विषय निघाला होता. दोन लिटरच्या पिशव्या, दिवसातून तीन-चार वेळा, घरीच, आणि मोठा खंड पडतच नाही. घरात धूळ नसलेली, दार लागणारी एक खोली हवी. त्यांच्या एकत्र कुटुंबात ती निघाली नाही.

केंद्राने दोन गोष्टी सुरू केल्या. दर महिन्याला प्रत्येक रुग्णाला पाच लिटरचा कॅन देऊन 24 तासांची लघवी मोजायची. 200 मिलीच्या खाली गेली की पाळ्यांचा विचार पुन्हा करायचा. आणि श्रावण लागण्याआधी रुग्णांना विचारून पाळ्या सरकवायच्या. पुढच्या कानबाईला आप्पांची पाळी शनिवारी आणि मग मंगळवारी ठेवली. मंगळवारी, मशीनला लागण्याआधी, पोटॅशियम 5.7 होतं.

प्रत्यारोपणासाठी पत्नी पुढे आल्या आहेत. रक्तगट जुळतो. त्यांच्या साखरेची चाचणी मात्र सीमेवर आली आहे, त्यामुळे त्यांचं मूत्रपिंड घ्यावं की नाही यावर निर्णय झालेला नाही; मृत्यूनंतरच्या दात्याच्या यादीत आप्पांचं नाव दरम्यान घातलं आहे.